‘ताई, केक रडून राहिला ना!’ फॉन्डंटला पुन्हा पुन्हा सुटणारं पाणी

मे महिना, संध्याकाळचे साडेसात. मनीषनगरच्या एका लॉनवरून फोन आला. पलीकडे बाळाची आत्या. "ताई, केक रडून राहिला ना!"

मला आधी काही कळलंच नाही. मग तिने फोटो पाठवला. पहिल्या वाढदिवसाचा वाघ, दोन दिवस खपून केलेला. त्याच्या डोळ्यांखालून काळे ओघळ थेट हनुवटीपर्यंत आले होते आणि पाठीवरचे पट्टे खालच्या केशरी अंगात उतरायला लागले होते. ताडोबा आणि पेंच हाकेच्या अंतरावर असल्यामुळे नागपुरात वाघाच्या केकला बारमाही मागणी असते. वाघ मी तोवर बरेच केले होते, पण रडणारा हा पहिलाच. बाळाला काही फरक पडला नाही, त्याने वाघाचा कान उपटून तोंडात घातला. मी मात्र अर्धे पैसे परत केले आणि रात्रभर विचार करत बसले.

त्या उन्हाळ्यात हे आणखी दोनदा झालं आणि जुलैत झड लागल्यावर पुन्हा. नव्याने फॉन्डंट, म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं मऊ कातडं, करायला लागलेल्या मुली मला नेमका हाच प्रश्न विचारतात, म्हणून माझं निदान कसं चुकत गेलं आणि शेवटी कुठे सापडलं ते जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. "केकला पाणी सुटतं" अशी तक्रार एकच असली तरी त्यात तीन वेगळी दुखणी असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर केक हातचा जातो.

पहिलं दुखणं म्हणजे घाम. केक फ्रिजबाहेर काढल्यावर दहा-वीस मिनिटांत सगळ्या अंगावर सारखे बारीक थेंब येतात. बोट लावलं तर ठसा उमटतो, चकाकी येते. पण हात न लावता ठेवला तर तासा-दोन तासांत हा घाम आपोआप वाळतो.

दुसरं, आतलं पाणी. याला वेळ लागतो, चार-सहा तास किंवा अख्खी रात्र. ओल खालच्या कडेपासून सुरू होते, बोर्डावर गोडसर पाक साचतो, फॉन्डंट जागोजाग सैल पडतं आणि खाली सरकतं. हे कितीही वेळ पंख्याखाली ठेवा, वाळत नाही, कारण पाणी आतून येतंय.

तिसरं दुखणं म्हणजे नुसतं वितळणं. इथे थेंब दिसत नाहीत. केक पोटाशी फुगतो, बुडाशी सुरकुत्या पडतात, वरची धार गोल होते. आतलं क्रीम किंवा गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) उष्णतेने मऊ झालेलं असतं आणि वरच्या फॉन्डंटचं ओझं त्याला पेलवत नाही.

वाघाला पहिलं दुखणं होतं. मी उपचार तिसऱ्याचे करत होते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. त्यामुळे संशय उष्णतेवर जाणार हे ओघाने आलंच. मी फ्रिजचा काटा वाढवला, केक रात्रभर आत ठेवला आणि अगदी निघायच्या क्षणाला बाहेर काढला. घाम आणखी वाढला. मग वाटलं की फॉन्डंटची कंपनीच बरोबर नसेल. इतवारीतल्या होलसेलवाल्याकडून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला, किंमत दीडपट, निकाल तोच. मग कुणी म्हणालं की पिठीसाखर वाढव, कुणी म्हणालं फॉन्डंट कडक करणारी सीएमसी पावडर घाल. दोन्ही घातलं. केक रडायचा थांबला नाही, वर त्याला वैशाखातल्या शेतासारख्या भेगा पडल्या.

उत्तर सापडलं ते योगायोगाने. जुळ्या बहिणींच्या वाढदिवसाचे दोन केक होते, एकाच दिवशी मळलेलं फॉन्डंट, एकच गनाश, एकाच मापाचे. आमच्या फ्रिजमध्ये जागा होती एकालाच. दुसरा नाइलाजाने बेडरूममध्ये, एसी लावून, पुठ्ठ्याच्या खोक्यात झाकून ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. संध्याकाळी दोन्ही केक एकाच गाडीतून, एकाच घरी गेले, एकाच टेबलावर मांडले. पंधरा मिनिटांत फ्रिजमधल्या केकला घाम फुटला. बेडरूममधला कोरडा ठणठणीत. आणि त्या दिवाणखान्यात दोन खिडक्यांना दोन कूलर घों घों करत होते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फ्रिजमधली पाण्याची बाटली मे महिन्याच्या दुपारी अंगणात नेली तर जेमतेम ओलसर होते आणि लगेच वाळते. तीच बाटली कूलरच्या खोलीत टेबलावर ठेवली की खाली थारोळं साचतं. नागपुरात लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. माझ्या केकवरचं पाणी बाटलीवरच्या पाण्याचंच भावंड होतं. ते केकमधून आलंच नव्हतं, हवेतून आलं होतं.

याच्यामागचं गणित दवबिंदूचं आहे. हवेत जितकी वाफ असते त्यानुसार एक तापमान ठरतं. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू येतो साधारण १२ अंशांवर. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर सुरू केला, खोली ३२ अंशांवर आली आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली, की दवबिंदू उडी मारून २४-२५ वर जातो. आता जुलैतला झडीचा दिवस घ्या: २८ अंश, ८५ टक्के. दवबिंदू २५. म्हणजे कूलर लावला की भर नवतपात घरात आषाढ येतो. आपल्या अंगाला गार वाटतं, केकला मात्र पावसाळा लागतो. एसीची खोली २४ अंश आणि ५० टक्क्यांवर असेल तर दवबिंदू १३ च्या आसपास. डिसेंबरात २० अंश आणि ४५ टक्क्यांना तो ८ वर उतरतो, आणि म्हणूनच हिवाळ्यात कुणाचा केक रडल्याचं मला आठवत नाही.

फ्रिजमधून निघालेला केक ४-५ अंशांचा असतो. वर सांगितलेल्या एकाही खोलीत तो कोरडा राहू शकत नाही. २३-२४ अंशांचा केक एसीच्या खोलीत निर्धास्त असतो आणि कूलरच्या खोलीतही बहुतेक वेळा तगतो. मी फ्रिजचा काटा वाढवून केक आणखी थंड करत होते, म्हणजे आगीत तेलच ओतत होते.

फॉन्डंटला दुसरीही एक खोड आहे. शुद्ध साखर साधारण ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी राहते. पण फॉन्डंट मऊ राहावं म्हणून त्यात ग्लुकोज आणि ग्लिसरीन असतं, आणि ही दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळे केक थंड नसला तरी ६५-७० टक्क्यांच्या खोलीत दोन-तीन तास राहिला की त्याला हलका चिकटपणा आणि काचेसारखी चमक येते. थेंब नसतात, पण हात लावला की बोटाचा ठसा राहतो. हा घाम नाही, पण त्याच घराण्यातला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: स्मूदर आणि साचे घेण्याआधी तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो. आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथे हे होतं तर आपल्या मीटरचं काय घेऊन बसलात. तपासायची रीत मिठाच्या डब्यातली आहे. एका वाटीत दोन-तीन चमचे मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वाटी आणि मीटर एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. माझा ८१ दाखवायचा. तेव्हापासून मी त्याच्या आकड्यातून मनातल्या मनात सहा वजा करते.

आता उपाय.

फॉन्डंट चढवल्यानंतर केक फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही, हे एकदा ठरवलं की पुढचं सगळं त्यावरून ठरतं. फ्रिज नाही म्हणजे आत ताज्या मलईचं, फळांचं, पनीरचं काही चालणार नाही, नाहीतर केक कोरडा राहील आणि पाहुण्यांची पोटं बिघडतील. आत हवं गनाश. हिवाळ्यात मी डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग घेते; होळीनंतर तीनास एक. पांढरं चॉकलेट मुळातच मऊ, त्याला हिवाळ्यात तीनास एक आणि उन्हाळ्यात चारास एक. क्रीम बाजारात सहज मिळणारी, २५ टक्के फॅटची. चवीला कोको बटरचं चॉकलेट केव्हाही वर, हे मला मान्य आहे. पण कोको बटर ३३-३४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघराची फरशीही त्याहून गरम असते. उन्हाळ्यात मी सरळ कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती फॅट घातलेलं चॉकलेट, वापरते. ते थोडा जास्त दम धरतं. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

वेळापत्रक असं. पहिल्या दिवशी स्पंज. बिनअंड्याचा स्पंज आधीच ओलसर असतो, वर आपल्याकडे तो रसमलाईसारखा भिजवायची हौस. फॉन्डंटच्या केकला पाक फक्त ब्रशने, एकच हात. बाटलीने ओतलेला पाक रात्री बुडाशी उतरतो आणि तेच दुसरं दुखणं होऊन बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गनाश भरा, बाहेरून पातळ थर द्या, वर हलकं वजन ठेवून केक बसू द्या, मग शेवटचा थर देऊन धारा काढा. या टप्प्यापर्यंत फ्रिज चालेल, कारण अजून साखरेचं कातडं चढलेलं नाही. कोरीव आकार कापायचा असेल तर थंड केकच बरा कापला जातो.

फॉन्डंट चढवायच्या आधी मात्र तो दोन-तीन तास एसीच्या खोलीत बाहेर काढून ठेवा. गनाशवर जमलेला घाम पूर्ण वाळू द्या. इथे घाई करून मी पूर्वी थंड केकवरच फॉन्डंट चढवायचे. आत अडकलेलं पाणी नंतर फुगे आणि ओघळ होऊन बाहेर यायचं. फॉन्डंट तीन ते चार मिलिमीटर जाड लाटा. त्याहून पातळ लाटलं तर गनाशचा प्रत्येक उंचवटा दिसतो, जाड लाटलं तर लोक सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. सहा इंच व्यासाच्या उंच केकला साधारण अर्धा किलो, आठ इंचीला पाऊण किलो धरा.

एसी २३-२४ वर. "केक आहे, १८ वर ठेव" असं घरातले सांगतील, ऐकू नका. केक जितका गार, तितका बाहेर गेल्यावर घामाचा धोका जास्त. पावसाळ्यात ड्राय मोड लावा. आणि केक असलेल्या खोलीत चुकूनही कूलरचा वारा येऊ देऊ नका. आमच्याकडे हॉलमध्ये कूलर आणि बेडरूममध्ये एसी आहे. दाराखालच्या फटीत ओला वारा शिरू नये म्हणून तिथे जुनी साडी गुंडाळून लावलेली असते. सासूबाई त्या खोलीला "केकचं बाळंतपण" म्हणतात.

काही वेळा फ्रिज टळतच नाही. लाईन गेली आणि इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, असं आपल्याकडे होतंच. तेव्हा केक पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, खोक्याला बाहेरून क्लिंग फिल्मचे दोन वेढे द्या आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर बरं. त्यातली हवा बर्फ जमणाऱ्या जुन्या एकदारी फ्रिजपेक्षा कोरडी असते. त्या दिवशी घरच्यांनी पाणी माठातलं प्यायचं, दार सारखं उघडायचं नाही. खोकं बाहेर काढल्यावर दोन-तीन तास उघडू नका. घाम येऊ दे, पण तो फिल्मवर येऊ दे. केक खोलीइतका झाला की मगच फिल्म सोडा. झाकण वर करून "जरा बघू" म्हणणाऱ्या माणसाला त्या खोलीपासून लांब ठेवा.

गाडीचा एसी दहा मिनिटं आधी सुरू करा आणि केक सीटच्या पायथ्याशी, सपाट जागेवर ठेवा. सीट तिरकी असते. सीताबर्डीच्या गर्दीत अडकल्यावर काचेतून येणारं ऊन दहा मिनिटांत एका बाजूचं गनाश मऊ करतं. खोक्यावर पांढरा टॉवेल टाका. मे महिन्यात अ‍ॅक्टिव्हावरून फॉन्डंटचा केक मी देत नाही. एकदा दिला होता, प्रतापनगरला. त्याविषयी बोलायची अजूनही इच्छा नाही.

आता ज्यांना "आम्हाला फॉन्डंटच हवं, पण आत फ्रेश क्रीम पाइनॅपलच पाहिजे" असं वाटतं, त्यांच्याविषयी. नागपुरात दहापैकी सहा-सात फोन असेच येतात. पूर्वी मी हो म्हणायचे. व्हिप क्रीममध्ये पाणी असतं, साखर ते ओढते आणि रात्रीतून फॉन्डंटची आतली बाजू पाक होते. केक बाहेरून सुंदर आणि आतून निसरडा. आता मी एप्रिल ते ऑक्टोबर सरळ नाही म्हणते आणि सेमी-फॉन्डंट सुचवते: केक क्रीमचा, त्यावर फक्त वाघ, बॅट, स्टंप वगैरे फॉन्डंटचं. या टॉपरच्या बुडाला आणि पाठीला वितळलेल्या कंपाउंडचा हात द्या आणि सेट होऊ द्या, म्हणजे क्रीमची ओल फॉन्डंटपर्यंत पोचत नाही. तरीही टॉपर केकवर ठेवायचा तो हॉलवर पोचल्यावर. वेगळा डबा, वेगळा प्रवास.

घाम फुटलाच तर? पहिली गोष्ट, हात लावू नका. दुसरी, टिश्यूने पुसू नका, रंगाची पुसट पट्टी कायमची राहते. तिसरी, वरून कॉर्नफ्लोअर किंवा पिठीसाखर भुरभुरू नका. ओल्यावर पडली की त्याचे पांढरे डाग होतात. केक एसीच्या खोलीत न्या, टेबल फॅन चार-पाच फुटांवरून सौम्य वेगावर लावा आणि वाट पाहा. हेअर ड्रायर लागलाच तर फक्त थंड हवेचा. बुडाशी साचलेल्या थेंबाला टिश्यूचं टोक नुसतं टेकवा, थेंब शोषला जातो. वाळल्यावर चमक थोडी राहते. पूर्ण कोरड्या केकवर मऊ कोरड्या ब्रशने अगदी चिमूटभर कॉर्नफ्लोअर फिरवलं की तीही जाते. एसीची खोली नसेल तर केक कूलरपासून जितका लांब नेता येईल तितका न्या. मे महिन्यात कूलर नसलेल्या, सावलीच्या कोरड्या खोलीत तो लवकर वाळतो. फक्त गनाशवर लक्ष ठेवा, अर्ध्या तासाहून जास्त नको.

वाघाच्या पट्ट्यांचं वेगळं पाप माझं होतं. गडद काळा आणि लाल रंग येण्यासाठी जेल इतकं घालावं लागतं की ते फॉन्डंट मुळातच चिकट होतं आणि थेंब पडला की सर्वात आधी तेच उतरतं. आता काळा रंग पांढऱ्यात न घालता कोको घातलेल्या तपकिरी फॉन्डंटमध्ये घालते, खूप कमी लागतो. पट्टे आदल्या दिवशी कापून थोडे कडक करते, आणि पाण्याऐवजी सीएमसीच्या घट्टसर डिंकाने, काडीच्या टोकाइतका ठिपका देऊन चिकटवते. पूर्वी मी ब्रशभर पाणी लावायचे. ओघळांची निम्मी सोय मीच करून ठेवलेली होती. पाण्यासारखे पातळ खाण्याचे रंग तर फॉन्डंटच्या वाटेला आणूच नयेत. गुलाबी आणि जांभळा उजेडात उडतो, त्या केकला खिडकीपासून लांब ठेवा.

एसीत सतत काम करायला लागलं की उलट तक्रार येते: फॉन्डंट सुकतं, कडेला हत्तीच्या कातडीसारख्या बारीक चिरा पडतात. मार्च-एप्रिलमध्ये, कूलर लागायच्या आधी, आपली हवा इतकी कोरडी असते की लाटलेली पोळी पाच मिनिटांत वरून कडक होते. त्या दिवसांत ओट्यावर कॉर्नफ्लोअर टाकू नका, वनस्पती तुपाचा हात फिरवा. पावसाळ्यात नेमकं उलट, तेव्हा कॉर्नफ्लोअर. उरलेला गोळा कायम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हवा. चिरा पडल्याच तर बोटावर थोडं वनस्पती घेऊन गोल गोल चोळा. हिवाळ्यात गोळा दगड झाला तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात सेकंद, जास्त नाही.

झाकल्यानंतर टरारून फुगा आला तर तिरकी टाचणी टोचून हवा काढा आणि तळहाताने दाबून घ्या. थंड केक गरम गाडीत गेला की आतली हवा पसरते, म्हणून फुगे बहुधा वाटेतच येतात. टाचणी मोठ्या रंगीत डोक्याची घ्या आणि मोजून परत डब्यात ठेवा. हे गंमत म्हणून सांगत नाही.

पावसाळ्यात उभ्या बाहुल्या वाकतात, हे स्वतंत्र दुखणं. पाव किलो फॉन्डंटला एक छोटा चमचा सीएमसी किंवा टायलोज, आत कच्च्या स्पॅगेटीची काडी, आणि वाळायला किमान तीन-चार दिवस. जुलैत त्या उघड्यावर वाळतच नाहीत, एसीच्या खोलीत ड्राय मोडवर वाळतात. वाळल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, पुडी बाहुलीला टेकणार नाही अशी. फ्रिजमध्ये बाहुली कधीही नाही. विदर्भाने २०१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हापासून माझ्याकडे क्रिकेटरच्या बाहुल्यांना तोटा नाही, आणि भर पावसात फॉलो-थ्रूच्या पोझमधला गोलंदाज उभा ठेवणं हे अजूनही मला दर वेळी जमतंच असं नाही. आता मी फलंदाज सुचवते. त्याला बॅटचा टेकू असतो.

राहिला हॉल. घरी सगळं नीट केलं तरी शेवटचे दोन तास केक परक्या हाती असतो. लॉनवर जम्बो कूलर तर असतातच, आताशा पाण्याचा फवारा मारणारे मिस्ट फॅनही आले आहेत, आणि डेकोरेशनवाला केकचं टेबल हमखास त्याच्याच तोंडाशी मांडतो, कारण फोटो काढणारे तिथेच उभे राहणार असतात. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारते: हॉल एसी आहे की लॉन आहे, टेबल कुठे असेल, आणि केक खरोखर किती वाजता कापणार. साडेसात सांगितलं तर मी साडेनऊ धरते. लॉन असेल तर केक मंडपात न ठेवता नवरीच्या किंवा पाहुण्यांच्या एसी खोलीत ठेवायचा आणि कापायच्या वीस मिनिटं आधीच बाहेर आणायचा, हे लेखी कबूल करून घेते. निघताना एक मेसेज पाठवते: केक फ्रिजमध्ये ठेवू नये, खोकं उघडून ठेवू नये, कूलर किंवा फवाऱ्याचा पंखा केकच्या दिशेने नसावा, घाम दिसला तर हात न लावता मला फोन करावा.

मागच्या मे महिन्यात वाघाच्या त्याच घरी दुसऱ्या बाळाचा वाढदिवस झाला. लॉन तेच, वाघही तोच, फक्त पट्टे या वेळी आदल्या दिवशीचे. आठ वाजता मी न राहवून स्वतःच फोन केला.

"एकदम कोरडा आहे जी ताई," आत्या म्हणाली. "फवाऱ्याचा पंखा आम्ही तिकडे व्याह्यांच्या खुर्च्यांकडे फिरवून दिला. आता ते भिजून राहिले."